इनेझमावशीच्या चिंबोऱ्या

माझी सख्खी मावशी होती म्हणून तिच्याबद्दल गोड बोलावं, असं मला कोणी सांगू नये. इनेझमावशी दुष्ट होती. दुःखानं माणूस कडू होतो म्हणतात. पण माझी आई तिची पाठची बहीण, आणि ती सांगायची की इनेझ परकरात होती तेव्हाही अशीच होती. मावशीचा नवरा प्लासिड होडीसकट बुडाला तेव्हा आमच्या पाचूबंदर कोळीवाड्यातल्या बायका रडल्या, आणि रडून झाल्यावर आपसांत म्हणाल्या, सुटला बिचारा.

प्लासिडच्या मागे तिनं चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले मोठे खेकडे, विकून एकुलत्या एका अँथनीला वाढवलं, हे मात्र खरं. चिंबोऱ्यांच्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोरगा मोठा झाल्यावर तो खाडीत जाळी लावी, जाळीत मुशी माशाचं कुजकं डोकं बांधी, आणि वासावर चिंबोऱ्या येत. पण त्यापुढचं सगळं मावशीचं. कुठल्या बिळात चिंबोरी आहे आणि कुठलं रिकामं, हे ती काठावरून सांगे. बिळाकडे जाताना टाच टेकवत नसे. "तिला पायांनी ऐकू येतं गो," ती म्हणायची, "आपन पाऊल टाकलं का चिखल थरथरतो, का ती आत." अंगावर सावली पडली तर चिंबोरी डोळ्यांचे देठ आडवे करून खोबणीत घालते, म्हणून मावशी नेहमी उन्हाकडे तोंड करून जायची, सावली पाठीमागे. माणसांच्या बाबतीत तिनं एवढी काळजी कधी घेतली नाही.

चिंबोरीची एक तऱ्हा आहे. तिची नांगी पिरगळली, घट्ट दाबून ठेवली, चटका दिला, की ती नांगीच सोडून देते. कोणी तोडत नाही, ती स्वतः सोडते, अंगाजवळच्या एका ठरलेल्या सांध्यातून. नांगी आपल्या हातात राहते आणि बाई चालू लागतात. पुढे कात टाकली की नवी नांगी फुटते, पहिल्यांदा अगदी तान्ह्या बाळाच्या बोटासारखी. पण अशी लंगडी चिंबोरी बाजारात कोणी घेत नाही, ती घरच्या कालवणात जाते. आणि मावशीच्या घरचा नियम असा, की ज्याच्या हातून नांगी पडली त्यानं त्या दिवशी कालवण खायचं नाही. बाकीचे नांगी फोडून चोखत असताना त्यानं समोर बसून कोरडा भात गिळायचा.

दुसरी मोठी लढाई संपून दोनतीन वर्षं झाली असतील, तेव्हा अँथनीनं लुसीशी लग्न केलं. लुसी निर्मळ गावची, वाडीवाल्यांची मुलगी, केळीत आणि फुलांत वाढलेली. तिची बोली वेगळी, आमची वेगळी. ती काही बोलली की मावशी मुद्दाम "आँ?" करायची आणि चारचौघांत तिची नक्कल करायची. आम्ही हसायचो, कारण नक्कल चांगली व्हायची. लुसीनं वर्षभर कोरडा भात इतका खाल्ला की गालांची हाडं वर आली.

ईस्टरच्या आधीचे आमचे उपासाचे दिवस चालू होते. उपासात मटण चालत नाही, मासळी चालते, त्यामुळे चिंबोऱ्यांना मागणी फार. एका सकाळी निर्मळची फुलवाली निरोप घेऊन आली, की लुसीच्या आईनं अंथरूण धरलंय, पाणी उतरत नाही, फादर तेल लावून गेले. फादर तेल लावतात ते मरणाच्या दारातल्या माणसाला, हे आमच्यात लहान पोरालाही कळतं. लुसीनं चुलीपुढेच लुगडं खोचलं आणि सासूला विचारलं, "आय, मी जाऊन येऊ?"

मावशी टोपलीपाशी बसली होती. म्हणाली, "जा की. कोन धरतंय? पापडीला बाजारात जायची ही टोपली तेवढी बांध. एकीचीबी नांगी पडली नाय, का सूट लगेच."

तिला ठाऊक होतं काय होणार ते. लुसी चुलीपुढून उठलेली, हात तापलेले, लक्ष आईकडे. चिंबोरी बांधताना तिच्या पाठीवर पाय ठेवायचा, मागून हात घालून दोन्ही नांग्या पुढे दुमडायच्या आणि सुंभानं गुंडाळायच्या. घाबरलेलं माणूस आधी नांगीच धरतं. लुसीनं पहिल्याच चिंबोरीची नांगी धरली, घाईत पिरगळली, आणि ती तिच्या मुठीत आली. मावशी पोट धरून हसली. "आता उद्या," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लुसी उजाडताच घराच्या सावलीत बसली. हात खाडीच्या पाण्यात गार केले. गोणपाट भिजवून टोपलीवर टाकलं, कारण अंधारात आणि ओलीत चिंबोरी शांत राहते. टोपलीभोवती चालताना ती मावशीसारखीच टाच उचलून चालत होती. एकेक चिंबोरी मागून उचलायची, पायाखाली घ्यायची, बांधायची, ओल्या पाल्यावर ठेवायची. मी समोरच्या आमच्या ओट्यावरून बघत होते. टोपली भरली आणि एकही नांगी पडली नव्हती. लुसीच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं.

मावशी बाहेर आली. टोपली चाळली. वरची मोठी चिंबोरी उचलून आत घेऊन गेली, दारातून दिसणाऱ्या चुलीतलं कोलीत ओढलं आणि नांगीच्या मुळाशी धरलं. चिंबोरीनं अंग आक्रसलं आणि नांगी सुटली. सुंभात अडकून तशीच लोंबत राहिली.

"ही बघ, पडली एक," मावशी बाहेर येऊन म्हणाली.

अँथनी दारात उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं. लुसीनं सासूकडे नाही, त्याच्याकडे बघितलं. एवढा धिप्पाड गडी, वाऱ्यात शीड ओढणारा, तो म्हणाला, "उद्या जा ना गो. आजच्यानं काय होतंय?" मला त्याची किळस आली. मावशीची आली नव्हती तेवढी आली. सापानं डसावं यात नवल नाही, पण हा तर नवरा होता.

मी घरी जाऊन आईला सांगितलं. आई फार भांडणारी बाई नव्हती. पण तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाट घेऊन गेली आणि लुसीची टोपली भरेपर्यंत तिथून हलली नाही. शेवटच्या चिंबोरीला गाठ बसली तेव्हा तिनं टोपली आपल्या मांडीशी ओढली आणि म्हणाली, "इनेझ, आता हिला जाऊ दे, नायतर मी गावात बोंब मारीन."

मावशीला लाज नव्हती, पण गावाची भीती होती. ती एकदम मोठ्या मनाची झाली. गल्लीतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "जाऊ दे म्हंजे? मीच पाठवते. रिकाम्या हातानं आयकडे जात नाय कोनी." आणि टोपलीतल्या दोन मांसानं भरलेल्या चिंबोऱ्या निवडून, ओल्या फडक्यात बांधून तिनं लुसीच्या हातात दिल्या. बायकांनी मान डोलावली. लुसी निघाली ती जवळजवळ धावतच, पायात काही न घालता.

ती राहील असं आम्ही धरलं होतं. दिवस मावळायच्या आत परत आली. पाय धुतले, पदर खोचला आणि दुसऱ्या दिवशीची टोपली पुढ्यात घेऊन बांधायला बसली. अँथनी जाळी घेऊन आत आला, तिला बघून थबकला आणि परत बाहेर गेला. मी आणि आई धावलो. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तर लुसीनं अंग चोरलं.

मावशी दारातून म्हणाली, "लवकर आलीस. कशी हाय तुजी आय?"

"काल सांजेला पुरली," लुसी म्हणाली. "मी गेले तेव्हा माती सुकत आली होती."

माझ्या आईनं तोंडावर पदर घेतला. मावशीनं कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूस केला, अगदी सावकाश, देवळात करतात तसा. मग तिनं लुसीचे हात पाहिले, आजूबाजूला पाहिलं, आणि विचारलं,

"मग चिंबोऱ्या परत का नाय आनल्यास?"

लुसीनं पायाखालच्या चिंबोरीला गाठ मारली आणि ती पाल्यावर ठेवली.

"चुकलं, आय," ती म्हणाली. आय म्हणून हाक मारायला तिला आता तेवढी एकच बाई उरली होती.