दुसऱ्या गाडीचं टर्बो किट

मंडळी, आज डोकं फिरलंय. माझ्या जुन्या गाडीसाठी मी हौसेने दुसऱ्याच मॉडेलचं, इंजिनाचा जोर वाढवणारं टर्बो किट घेतलेलं. विठ्ठलवाडीचे आमचे मेकॅनिक काका म्हणालेले, "थोडं कापून बसवू रे."

सकाळी गेलो तर टर्बो बसलेला. पण त्याला जागा करायला त्यांनी एसी काढून ठेवलेला आणि तरीही बॉनेट लागत नव्हतं.

"काका, आधी माप तरी घ्यायचं."

"नारळ फोडून काम सुरू केलंय, आता मागे नाही फिरायचं," म्हणत त्यांनी बॉनेटवर खडूने मोठा गोल काढला. तेवढा भाग कापणार म्हणे.

तो नारळ मीच नेलेला.

रिक्षाने घरी आलो. बायकोने एकच विचारलं, "कल्याण-शीळ रोडच्या ट्रॅफिकमध्ये उभं राहायला टर्बो कशाला लागतो?"

कोणाकडे उत्तर असेल तर सांगा, तिला द्यायचंय.