आधी नको म्हणायचं

साठीला दोन वर्षं उरली असताना मी स्पॅनिश शिकायला गेले, आणि त्याला कारण माझी साडेतीन वर्षांची नात. टेक्सासमध्ये, प्लेनोत, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर राहायची. पण तिला मराठी येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम, आणि मला स्पॅनिशचं ओ की ठो कळत नव्हतं.

मुलगा आणि सून वेगळे झाले होते. मुलगा सिअॅटलला निघून गेला. सून नर्स, तिची ड्यूटी बारा-बारा तासांची, त्यामुळे पोरीला सांभाळायची माझी विहीण. विहीणबाई मेक्सिकोहून आलेल्या, त्यांच्या घरात सगळं स्पॅनिशमध्येच चालायचं. सून माझे फोन घेईनाशी झाली होती. "आई, लीव्ह इट. शाळेत गेली की इंग्लिश येईल तिला," असं मुलगा म्हणायचा. लीव्ह इट काय! तोवर ती मला ओळखणार तरी आहे का? हाच मुलगा लहान असताना शाळेतल्या बाई म्हणाल्या, घरी इंग्लिश बोला, आणि मी नि हे, दोघं अतिशहाणे, लगेच बोलायला लागलो. हे आता नाहीत. ती अक्कल आठवली की एकटीच चरफडत बसते.

मंगळवारी आणि गुरुवारी ऑफिस सुटलं की क्लास. टीचर कोलंबियाची, तिने पहिल्या दिवसापासून इंग्रजी बंद केलं. माझ्या शेजारी पुण्याची दोन आयटीवाली मुलं बसायची. "काकू, आम्ही मेक्सिकोत कॅन्कूनला फिरायला जाणारोय म्हणून शिकतोय. तुम्ही?" एकाने विचारलं. मी म्हटलं, "मला नातीला विचारायचंय, भूक लागली का म्हणून." दोघंही एकदम वहीत बघायला लागले.

टीचर आम्हाला मेक्सिकन किराणा दुकानात न्यायची आणि एकेकाला काउंटरवर ढकलायची. मी कोथिंबीर मागितली आणि मला चक्क कोथिंबीर मिळाली, तेव्हा काय आनंद झाला म्हणून सांगू! सगळं मी देवनागरीत लिहून घ्यायचे. आपला त आणि द त्यांच्यासारखाच असल्यामुळे टीचर माझ्या उच्चारांचं फार कौतुक करायची. कौतुकाला काय करायचंय, वाक्य सुचेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असायचा.

शनिवारी सकाळी दोन तास मला विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात बसायची मुभा होती. नात त्यांना अबुएला म्हणायची, म्हणजे आजी. मला सेन्योरा, म्हणजे बाई! पहिले चार महिने ती त्यांच्या एप्रनमागून बाहेरच आली नाही. मग एका शनिवारी मी संत्रं सोलत होते, फोडींच्या शिरा काढत होते, तर ती आपणहून आली आणि माझ्यापुढे तोंड उघडून उभी राहिली. सबंध संत्रं भरवलं मी तिला. घरी येताना गाडीत हसूही येत होतं नि रडूही.

मे महिन्यात सुनेला सॅन अँटोनिओत, गाडीने पाच तासांवर, नोकरी मिळाली. विहीणबाई खोकी भरत होत्या. मधेच हातातली चिकटपट्टी खाली ठेवून त्या माझ्यासाठी मुद्दाम सावकाश बोलल्या. आमचं तिकडचं घर लागेपर्यंत, हा उन्हाळाभर, पोरीला तुमच्याकडे ठेवता का? तिला तुमची ओळख व्हायला हवी.

आठ महिन्यांत पहिल्यांदाच मला शब्दन् शब्द कळला होता. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नो, नो, ग्रासियास." नको नको, थँक यू.

अहो, आपल्यात पहिल्या विचारण्याला हो कोण म्हणतं? कुणी चहा विचारला तरी आधी नको. मग ते आग्रह करणार, आपण "कशाला उगीच" म्हणणार, आणि मग "बरं, अर्धा कप". लोकांकडे गेल्यावर एकदम हात पुढे करायचा नाही, हे आईने डोळे वटारून शिकवलेलं. मला खरं तर म्हणायचं होतं, तुम्हाला करमेल का तिच्याशिवाय? पण तेवढी स्पॅनिश वहीत नव्हती. म्हणून मी हसून हात हलवला आणि त्या परत विचारतील म्हणून थांबले. खरोखरच थांबले. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं, "एस्ता ब्येन" म्हणाल्या, म्हणजे बरं, आणि पुढचं खोकं ओढलं.

मेले, तेव्हाच तोंड उघडायचं ना! नाही उघडलं. मी आठवडाभर गाडीत "सी, सी, कॉन मूचो गुस्तो" म्हणत राहिले: हो, हो, आनंदाने. पुढच्या शनिवारी त्यांनी मला विचारलं ते कॉफी घेणार का म्हणून. तेव्हा टीचरकडून लिहून आणलेलं वाक्य मी वाचलं: नातीला माझ्याकडे राहू द्या. त्यांनी हात पुसले. त्यांची बहीण तिकडे असते, पोर तिच्याकडे राहणार, सगळं ठरलंय, म्हणाल्या. संध्याकाळी सुनेचा कित्येक महिन्यांनी मेसेज आला, इंग्रजीत: तुम्हाला जमणार नाही असं मॉम म्हणाली, नो वरीज. मी हे मोठं उत्तर लिहिलं, आमच्यात आधी नको म्हणायची रीत असते वगैरे. इंग्रजीत ते मलाच खोटं वाटायला लागलं. तरी पाठवलं. तिने अंगठा पाठवला.

ती सगळी गेली. मी क्लास सोडला नाही, वरच्या लेव्हलला गेले. दुसरं करणार काय होते?

ऑगस्टमध्ये एका रविवारी विहीणबाईंनी व्हिडिओ कॉल लावून दिला. नात उंच झाली होती, टेबलाशी बसून कलिंगड खात होती. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात अबुएलाला विचारलं, "तीच का ही, जिला मी नको होते?"

स्पॅनिशमध्येच विचारलं. मला वही उघडावी लागली नाही. विहीणबाई तिला गप्प करायला लागल्या. मी पुढे वाकून म्हटलं, मला तू हवी होतीस गं, पहिल्यापासून हवी होतीस. एकही चूक न करता म्हटलं. पण तोवर पोरगी खुर्चीवरून उतरून पळाली होती, समोर नुसती कलिंगडाची ताटली होती.

विहीणबाईंनी फोन हातात घेतला. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, "किती छान बोलता हो आता तुम्ही."

आणि मी, सवयीने, हात हलवून म्हटलं, "नो, नो."