ऋतुजाची संमती

कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला ‘खासगी आंतरराष्ट्रीय कायदा’ नावाचा विषय असतो आणि सोलापुरात तो कुणी मनापासून शिकत नाही. पोरं म्हणतात, आपल्याकडं बांधाची भांडणं, फार तर चेक न वटल्याची. परदेशी कोर्टाशी आपला संबंध कुठं यायचा? बसवराज सरांच्या तासाला त्यामुळं सात-आठ डोकी असत आणि त्यांतली निम्मी मोबाईलमध्ये. पहिल्या बाकावर बसून शब्द न् शब्द उतरवून घेणारी एकटी ऋतुजा. वय एकोणतीस, एका मुलीची आई. सकाळचं कॉलेज आटपून ती चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात कारकुनीला जायची.

तिचा संबंध आला होता. नवरा अजिनाथ सहा वर्षांपूर्वी मशीन दुरुस्तीच्या कामावर न्यूझीलंडला गेला. आधी रोज फोन, मग आठवड्याला, मग सणाला, मग सणालाही नाही. ऋतुजा सासरीच राहिली. सासरे बापूसाहेब म्हणाले होते, “त्यो येडा हाय. तू माजी लेक हाईस. शीक तुला काय शिकायचं ते.” आणि लॉ कॉलेजचा फॉर्म आणायला ते स्वतः गेले. नातीला, सृष्टीला, शाळेत सोडणं-आणणं त्यांच्याकडं. भावकीत कुणी सुनेच्या शिक्षणावर खोचक बोललं, तर त्याला ते उभा-आडवा घेत. ऋतुजा त्यांना रिवाजाप्रमाणं मामा म्हणे, पण मैंदर्गीच्या सख्ख्या वडिलांपेक्षा तिचा जीव यांच्यावर जास्त होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्यामुळंच दुखतं.

एका रविवारी व्हॉट्सअॅपवर न्यूझीलंडच्या कोर्टाचा निकाल आला. चार पानं. विवाह संपुष्टात. खाली अजिनाथचा एका ओळीचा निरोप: ‘आता तूही मोकळी.’ जसं काही हिनंच सोडवा म्हणून अर्ज दिला होता!

ती रडली नाही. सोमवारी प्रिंट घेऊन बसवराज सरांपुढं उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या विषयाचा जिवंत खटला समोर आलेला बघून सर जरा खुललेच, मग तिचा चेहरा बघून सावरले.

“परदेशी कोर्टाचा निकाल आपल्या कोर्टानं डोळे मिटून मानायचा, असं नसतं,” ते म्हणाले. “तुझं लग्न हिंदू विवाह कायद्यानं झालं. या निकालात लिहिलंय तसं नुसतं दोन वर्षं वेगळे राहिलो, एवढ्यावर आपला कायदा लग्न मोडत नाही. तू तिथं हजर झालीस? उत्तर पाठवलंस? संमती दिलीस?”

“नाही सर. मला तर काही माहीतच नव्हतं.”

“मग हा कागद इथं तुला बांधत नाही. संमती दिलेली असती, तर मात्र सगळं उलटं झालं असतं.”

तिला नवरा परत हवा होता का? मुळीच नाही. वकील दाक्षायणी मॅडमना तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, “त्यानं माझ्या दारात येऊ नये. पण मला न विचारता कुणी मला मोडीत काढायचं नाही. मोडायचं तर समोर बसून, मला विचारून मोडा.” तेवढ्या एका गोष्टीसाठी दावा दाखल झाला: तो निकाल माझ्यावर बंधनकारक नाही, असं कोर्टानं जाहीर करावं.

अजिनाथचे मुखत्यार म्हणून उभे राहिले बापूसाहेबच. “पोरगं तितं, मग सही-शिक्क्याला मीच की. तू मनाला लावून घिऊ नगं.” ऋतुजानं नाही लावून घेतलं. वादी आणि प्रतिवादीचा मुखत्यार एकाच शेअर रिक्षातनं कोर्टात जात आणि वादीनं सकाळी थापलेल्या भाकरी दुपारी एकाच बाकावर बसून खात. दाक्षायणी मॅडमनी कपाळाला हात लावला.

तिसऱ्या तारखेला समोरच्या वकिलानं एक कागद दाखल केला. इंग्रजी, एकच पान. मी न्यूझीलंडच्या कोर्टाचा अधिकार मान्य करते आणि विवाह संपवायला राजीखुशीनं संमती देते, असा मजकूर. खाली सही. शेवटच्या अक्षराची लांब ओढलेली रेघ तिचीच, आणि खालची तारीखही तिच्याच हातची. बारा फेब्रुवारी.

तारीख बघितली आणि तिला सगळं आठवलं. त्या घराची एक रीत होती. लाइटबिल, बँकेचं पत्र, डॉक्टरचा रिपोर्ट, काही इंग्रजी आलं की मामा कागद तिच्या हातात देऊन म्हणत, “वाच.” मग ती वाचून, फोडून सांगे. पण “सही कर” म्हणाले, की सही करायची. त्यांच्यापुढं कागद उलगडून वाचत बसणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं. सासू चिमाबाईनं उभ्या जन्मात ते केलं नव्हतं. त्या दिवशी ऋतुजा परातीत पीठ मळत होती. मामा दुमडलेला कागद घेऊन आले. “रेशन कार्डावर सृष्टीचं नाव चढवायचंय. हितं सही कर.” तिनं पदराला हात पुसले, सही केली, ऑफिसातल्या सवयीनं तारीख टाकली आणि पुन्हा पिठात हात घातले.

कायदा शिकणारी बाई न वाचता सही करते, म्हणून कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसावं. आपल्या बापानं पुढं केलेला कागद आपण कधी वाचून बघितला होता, तेवढं मात्र आधी आठवावं.

घरी येऊन तिनं सरळ विचारलं, “मामा, त्यो कागद कसला हाय, तुमाला ठावं हुतं?”

बापूसाहेबांनी मान फिरवली. “पोराचं तितं दुसऱ्या बाईसंगं जमलंय. फारकतीचा कागद मिळंना म्हनून फोनवर रडायचा. आनि कागदानं काय हुतंय? तू हितंच ऱ्हानार. मी तुला घरातनं काडनार हाय व्हय?”

“मग मला सांगितलं का न्हाय?”

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “मला वाटलं हुतं, तू वाचशील. एवडी शिकलेली बाई. वाचून माज्या तोंडावर फेकशील, म्हंजी मी पोराला न्हाय म्हनून सांगाया मोकळा. तू वाचलंच न्हाईस, त्याला मी काय करू?”

आतनं चिमाबाई म्हणाली, “झालं गेलं, जाऊ द्या की आता.”

केसानं गळा कापायचा आणि वर विचारायचं, मान कशाला पुढं केलीस! नवरा सहा वर्षांत विसरला, त्याचं ऋतुजाला एवढं लागलं नव्हतं. हे आतपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवसापासून ती वेगळ्या रिक्षानं जाऊ लागली.

फसवणूक करून मिळवलेला निकालही आपलं कोर्ट मानत नाही. सरांच्या तासाला उतरवून घेतलेलंच ते कलम होतं. पण फसवणूक म्हटली की फसवणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. दाक्षायणी मॅडमनी टायपिंग थांबवून तिच्याकडं बघितलं. “लिहू ना?”

“लिहा,” ऋतुजा म्हणाली. “पूर्ण नाव लिहा.”

बापूसाहेब साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले, तेव्हाही तिला वेडी आशा होती की शपथ घेतल्यावर तरी मामा खोटं बोलणार नाहीत. त्यांच्या वकिलानं विचारलं, “सुनेला कागद समजावून सांगितला होता?”

“व्हय. अक्षर न् अक्षर वाचून दावलं. मग तिनं सही केली.” हे ते तिच्याकडं बघून बोलले. पापणीसुद्धा हलली नाही.

दाक्षायणी मॅडम उठल्या. त्यांनी तोच कागद बापूसाहेबांच्या हातात दिला. “तेव्हा वाचून दाखवलात, तसाच आता वाचा.”

मराठी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. त्यांनी चष्मा लावला. कागद जवळ धरला, लांब धरला. न्यायाधीश बाई शांतपणे म्हणाल्या, “पहिली ओळ तरी वाचा.” बापूसाहेबांचे ओठ हलले, शब्द काही फुटला नाही. आपण जिंकलो हे ऋतुजाला कळलं, आणि त्याच क्षणी तिला वाटलं, उठावं, त्यांच्या हातातला कागद घ्यावा आणि वाचून द्यावा. एवढं झालं तरी हात शिवशिवतोच कसा, म्हणून ती स्वतःवरच चिडली.

दोन महिन्यांनी निकाल लागला. संमती फसवून घेतलेली आहे, सबब परदेशी कोर्टाचा हुकूम वादीवर बंधनकारक नाही. बाहेर पायऱ्यांवर बापूसाहेब थांबले होते.

“जितलीस की,” ते म्हणाले. “आता राग सोड. चल घरला, पोरीच्या शाळंची येळ झाली.”

“तुमी घरातनं निगाल्यावर सृष्टी सकाळीच गेली मैंदर्गीला, माज्या आईसंगं.” तिनं पिशवी खांद्याला लावली. “मामा, मी अजून तुमच्या पोराची बायको हाय, कोर्टानं तसं लिवून दिलंय. तुमची लेक मात्र न्हाय. ते नातं तुमी मोडलं, आनि त्याला कुटलंच कोर्ट लागलं न्हाय.”

बापूसाहेब काहीतरी बोलत राहिले. ती पायऱ्या उतरली आणि एसटी स्टँडकडं चालू लागली.