उरलेलं विशेषण

दिवाळीच्या सुट्टीत मुलीच्या शिफारसपत्रावर शिक्का घ्यायला मी शाळेत समुपदेशक बाईंसमोर बसलो होतो. परदेशी कॉलेजांसाठी हे पत्र खरं तर बाईंनी लिहायचं असतं. पण आपल्याकडे मुलंच आपलं कौतुक लिहून आणतात आणि बाई सही करतात. एक मुलगी असाच कागद घेऊन उभी होती.

बाईंनी पेनाने एक शब्द खोडला. "'जिद्दी' नको. याच कॉलेजसाठी दुसऱ्या मुलीला दिलंय."

"पण मॅडम, आईच्या आजारपणात घर सांभाळून मी..."

"अगं, एकाच वर्गातल्या दोघी जिद्दी कशा दिसतील?"

म्हणजे गुणही आधी येईल त्याला. रेशनच्या दुकानात निदान उद्या या तरी म्हणतात.

"मग काय लिहू?"

"'नम्र' लिही. ते कुणी घेत नाही."

ती मान खाली घालून 'बरं' म्हणाली. बाईंना आपली निवड पटली असावी.

मी हातातलं पत्र उलटं धरलं. जिद्दी मुलगी माझीच होती. सकाळचे अकरा वाजले तरी ती उठली नव्हती, म्हणून तर शिक्क्यासाठी मी आलो होतो.