पाचवी आज्ञा आणि भाट्याची होडी

आमचा मुलगा रांगू लागला तरी त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. अडथळा माझाच होता. बाप्तिस्म्याच्या वेळी बापाला मंडळीसमोर विचारतात: या लेकराला देवाच्या आज्ञा शिकवशील का, आणि स्वतः पाळून दाखवशील का? मला होय म्हणवत नव्हते.

त्या दहा आज्ञांतली पाचवी आईबापांचा मान राखण्याची. माझी विधवा आई खाडीपलीकडे भाट्ये गावात एकटी राहत होती. मी ख्रिस्ती झालो, मांडवीजवळ मिशनच्या शाळेत मास्तर झालो आणि पुन्हा तिकडे फिरकलो नाही. भाऊबंद अपमान करतील, असे मी बायकोला सांगत असे. खरे तर आई मला पाहून काहीच बोलली नाही तर काय, याची मला धास्ती होती. आणि वर्गात मी मुलांकडून दहाही आज्ञा घोकून घेत होतो.

पाद्रीसाहेबांपाशी मन मोकळे केले. ते म्हणाले, "मास्तर, देवानं आपल्या लोकांना मिसर देशातल्या गुलामीतून आधी सोडवलं, आज्ञा मग दिल्या. तुमच्याशी करार त्यानं केलाय, तुम्ही नाही." मी मान हलवली. हेच मीही शिकवत होतो. माझ्यापुरते ते खरे वाटत नव्हते.

शेवटी एका शनिवारी बायकोने मुलाला कडेवर घेतले. "चला, आईंकडे जाऊ. तुम्ही नसाल येत, तर मी एकटी जाते."

होडी खाडीच्या मध्यावर आली, पलीकडचे माड जवळ दिसू लागले आणि माझा धीर सुटला. "परत फिरू या," म्हणत मी उठून उभाच राहिलो. होडी एका अंगाला कलली.

"ओ मास्तर, बसा खाली!" नावाडी ओरडला. "शाळंत पोरांना बसवताव, तुमाला कोन बसवनार?"

टोपल्या घेऊन बसलेल्या कोळणी खदखदून हसल्या. मी बसलो.

जरा वेळाने बायको हळूच म्हणाली, "रागावला तो."

"रागावणारच. चूक माझी."

"पण खाडीत नाही ना उतरवलं तुम्हाला? आणि बसा म्हणाला तो कोणाला? काठावरच्यांना नाही, होडीत घेतलेल्यांनाच."

देवाच्या आज्ञा म्हणजे होडीत चढण्याचे भाडे, असे मी आजवर धरून चाललो होतो.

आईने आम्हाला घरात या म्हटले नाही. पडवीत बसवले, पाणी वेगळ्या भांड्यातून दिले. मग बराच वेळ मुलाकडे पाहत राहिली.

"दे गो इकडं," ती बायकोला म्हणाली आणि त्याला मांडीवर घेतले. "नाव काय याचं?"

"अजून ठेवलं नाही," मी म्हणालो. "आमच्या देवळात, बाप्तिस्म्याला ठेवायचंय."

"मग ठेव की. बिननावाचं पोर किती दिस फिरवशील? आनि एवढा वाळलास कशानं रे?"

तिच्या पायाशी बसून राहिलो.

दुसऱ्याच दिवशी मंडळीसमोर मला तो प्रश्न विचारला गेला. मी होय म्हणालो.

भाट्याला आता जात असतो. अजून पडवीतच बसतो. कधी कंटाळा करतो, कधी आईवर चिडतोही. मुलगा आता मोठा झालाय; रात्री प्रार्थनेनंतर आज्ञा म्हणून दाखवतो, तेव्हा पाचवीपाशी माझी मान खाली जाते. पण मी तिथून उठत नाही.