तीन तासांची कॅसेट

प्रा. रंगनाथराव हाडोळतीकर सरांशी माझी ओळख झाली ती एका चुकलेल्या भाकितामुळे. मी तेव्हा संस्कृतची एम. ए. पदवी घेऊन नांदेडात नुकताच वार्ताहर झालो होतो. म्हणजे उपाशी राहण्याची दुहेरी सोय केली होती. लातूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे सर आमच्याकडच्या एका वाचनालयात ‘घरातला सिनेमा’ या विषयावर बोलायला आले. बाजारात तेव्हा दोन जातींचे व्हिडिओ होते. लहान कॅसेटचा बीटा आणि मोठ्या कॅसेटचा व्हीएचएस. एकाची कॅसेट दुसऱ्यात चालत नसे. सरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली आणि निकाल दिला, “ज्याचं चित्र स्वच्छ, तो जिंकणार. बीटा.” मी ते ठळक मथळ्याने छापलं. वडिलांनी माझी बातमी वाचली आणि बीटा घेतला. माझ्यावर त्यांनी ठेवलेला हा पहिला आणि शेवटचा विश्वास.

पुढे नांदेडच्या वजिराबादेतल्या व्हिडिओ लायब्ररीत बीटाच्या कपाटाची फळी झाली, फळीचा कोपरा झाला, आणि एक दिवस मालक म्हणाला, “साहेब, ते बंद केलं.” आम्ही मुकाट्याने व्हीएचएस घेतला आणि मी लातूरला जाऊन सरांना जाब विचारला.

“चित्र तर बीटाचंच चांगलं होतं ना, सर?”

“होतं नव्हे, आहे.”

“मग हरलं कसं?”

“तुमच्या शास्त्रात बीजांकुर न्याय आहे ना? तोच. गिऱ्हाइकाकडे जे मशीन, त्याच्या कॅसेटी लायब्ररीवाला ठेवणार. लायब्ररीत ज्या कॅसेटी, ते मशीन गिऱ्हाईक घेणार. बी आधी की अंकुर, शोधत बसा. पारडं एकदा जरासं कललं की कललंच. चित्राकडे बघतो कोण?”

एवढं समजूनही सरांनी बीटा सोडला नाही. “लोक म्हणतात, यात सिनेमा मावत नाही. साफ खोटं! अख्खं लग्न मावतं. तीन तास!” ही बढाई नव्हती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर असलेल्या नामदेवरावांच्या मुलीचं, सुमनचं, लग्न सरांनी औशापलीकडच्या त्यांच्या गावी जाऊन स्वतः बीटावर टिपलं होतं. आहेर म्हणून. नामदेवरावांनी ते सरांच्या घरी एकदा पाहिलं. गावात बीटा नव्हताच. त्यामुळे सुमनच्या आईने मुलीचं लग्न मांडवात पाहिलं तेवढंच.

मग भूकंप झाला. सुमन सासरी होती. दगडमातीचं घर होतं.

गौरवग्रंथात लिहू नये, पण लिहितो. आमचे सर भित्रे आहेत. त्या दिवसांत सगळं लातूर अंगणात झोपत होतं. सर दिवसाही घरात जात नसत. वर्गात तरंग शिकवणारा हा माणूस रस्त्याने ट्रक गेला तरी खुर्चीचे हात घट्ट धरी. घराला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. आणि अशा घराच्या फाटकात नामदेवराव येऊन उभे राहिले.

“सर, ती कॅसेट. सुमनच्या आईला दाखवायची हाय. तिनं बघितलीच न्हाई अजून.”

“हो, देतो की. पण लावणार कशावर?”

“तेच इचारायला आलो. आता ऱ्हातो त्या पत्र्याच्या शेडाकडं मोठ्या कॅसेटचं मशीन मिळतंय. त्यावर लागंल का?”

लागणार नव्हती. मोठ्या कॅसेटवर उतरवून घ्यावी लागणार होती. सरांचा निरोप आला आणि मी आमचा व्हीएचएस मांडीवर घेऊन अहमदपूरमार्गे एसटीने लातूर गाठलं. बाहेर पावसाची झड, हवा ओली. ओल्या हवेत फीत चिकटते, म्हणून मशीन बाहेर आणता येईना. शिवाय तीन तासांचं लग्न उतरायला तीनच तास लागतात. बीटा म्हातारा झालेला, फीत केव्हा चावेल याचा नेम नाही. कुणीतरी बटणावर बोट ठेवून बसायलाच हवं होतं. त्या तड्याखाली. ज्या तीन तासांचा सरांना एवढा अभिमान, तेच त्यांच्यापुढे येऊन बसले.

आम्ही तिघे आत बसलो. अक्षता पडल्या, पंगत उठली. सुमन पाठवणीला आईच्या गळ्यात पडली, आणि कपाटातल्या कपबशा वाजू लागल्या. मी अंगणात होतो. कसा पोचलो, ते मलाही ठाऊक नाही. आतून आवाज येत होते.

“सर, तुमी जा भाईर. म्या बसतो.”

“तुम्हाला बटण कळायचं नाही, नामदेवराव.”

“आमचं पडायचं ते पडलंय. तुमाला लेकरंबाळं हायत. जा म्हणतो ना!”

“गप्प बसा. ती बघा, तुमच्याकडे बघतेय.”

कपबशा थांबल्या. मी दारात गेलो. सरांचं बोट बटणावर होतं, आणि पाय शिलाई मशीनवर असावेत तसे हलत होते. पुढे मी त्यांच्या धैर्याचं कौतुक केलं, तेव्हा ते म्हणाले, “कसलं धैर्य? पाय उठलेच नाहीत.” मी अजूनही ते खरं मानत नाही.

शेडात कॅसेट लावली तेव्हा सर अपराध्यासारखे म्हणाले, “वहिनी, उतरवताना रंग जरा फिके झाले.” ती माउली पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “दिसती की, सर. माझी बाई दिसती की.”

त्यानंतर सर कधी चित्राच्या स्वच्छतेवर बोलल्याचं मला आठवत नाही. लातुरात क्लासेसची लाट आली. देगलूरपासूनचे पालक येऊन विचारत, “सगळ्यात जास्त पोरं कोण्या क्लासला हायत?” सर मला हळूच म्हणत, “बीजांकुर!” त्यांचा स्वतःचा क्लास लहानच राहिला. तळमजल्यावर, दोन्ही दारं सताड उघडी. पहिला धडा बाहेर कसं पडायचं याचा. मुलं हसत. किनवटच्या वसतिगृहातल्या मुलींनी सरांच्या शिकवणीच्या कॅसेटी मागितल्या, तेव्हा सरांचा पहिला प्रश्न होता, “तुमच्याकडे मशीन कोणतं आहे?”

आज सर पंचाहत्तरीत आहेत. परवा गेलो तेव्हा ओसरीवर नामदेवराव शेजारी होते. ट्रक गेला, दोघांनी खुर्च्यांचे हात धरले, एकमेकांकडे पाहिलं आणि हसले.

सर, तुमची फीत लांब असो, न अडकता चालो. छत पुन्हा कधी न हलो. आणि हललंच, तर या खेपेला नामदेवरावांचा हात धरून बाहेर या. मी अंगणात उभा असेनच.