रिबेकामावशींचं पुरण

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मी इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेतल्या ऑफिसात मीटिंगला निघाले होते, तेवढ्यात डॅनियलचा फोन आला. "आई गेली... झोपेतच," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी दफनही झालं. त्यांच्यात थांबत नाहीत.

त्याची आई, रिबेकामावशी, आमच्या समोरच्या अपार्टमेंटमध्ये राहायच्या. अलिबागकडच्या बेने इस्राएली, म्हणजे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे ज्यू. यजमान गेल्यावर २००१ मध्ये त्या मुलाकडे आल्या. थंडी सरता सरता त्यांचा पुरीम यायचा; त्या त्याला होळीचा सणच म्हणत. इथे त्या सणाला तीन कोनांची बिस्किटं भाजतात, आत खसखस नाहीतर जॅम. मावशी ती सुनेकडून शिकल्या आणि आत पुरण भरलं. मी नागपूरची, त्यामुळे पुरण वाटायला मला हाक असे.

पहिल्या वर्षी त्यांनी ताट सिनेगॉगमध्ये नेलं. तिथल्या एका वयस्क बाईंनी सहज विचारलं, "तुम्ही धर्म कधी बदललात?" ताट जवळजवळ भरलेलंच परत आलं. पुढच्या वर्षी सून म्हणाली, "आई, जॅम घालू या ना, लोक खातील तरी." मावशी लाटत राहिल्या. "तू घाल की जॅम. माझ्या आईनं या सणाला पुरणच केलं. मी तेच नेणार."

तिसऱ्या वर्षी त्याच बाईंनी एक खाल्लं आणि आत काय आहे विचारलं. मावशी आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "चण्याची डाळ, गूळ, वेलची. आणि मी धर्म बदललेला नाही. आम्ही पहिल्यापासूनच ज्यू." बाई ओशाळल्या... मग त्यांनी आणखी एक उचललं. पुढच्या थंडीत त्या स्वतः मावशींच्या किचनमध्ये शिकायला आल्या. त्यांचे कोन ओव्हनमध्ये उघडत. मावशी त्यांचं बोट धरून पाण्यात बुडवत आणि कोन चिमटायला लावत. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही, पण त्यानंतरच्या वर्षीही त्या आल्या.

मावशी गेल्यानंतर काही आठवड्यांतच पुरीम आला. सुनेनं फ्रीझर उघडला, तर आत पुरणाचा डबा. मावशींनी आधीच शिजवून ठेवलं होतं. त्या बाई आल्या, आम्ही तिघींनी मिळून बिस्किटं भाजली. शेवटी थोडं पुरण उरलं. सुनेनं चमचा घातला, तशी तिची मुलगी, मावशींची नात, म्हणाली, "मॉम, लीव्ह दॅट." सुनेनं झाकण लावलं.

आता मार्च संपत आला. फ्रीझरमधून बर्फ काढताना सून तो डबा जरा बाजूला सरकवते आणि परत जागेवर ठेवते.